किड्यांशी युद्ध आणि प्रेक्षकांचा कौल

चित्रपट हा काही आमच्या अधिकाराचा विषय नव्हे. छत्तीस वर्षे मुलांस संस्कृत व मराठी शिकविण्यात गेली; त्या अवधीत आम्ही पाहिलेले चित्रपट दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतील निम्मे संतचरित्रांवरचे. अशा माणसाने एका अमेरिकन युद्धपटावर, त्यातही अंतराळात जाऊन किड्यांशी लढल्या जाणाऱ्या युद्धाच्या पटावर, लेखणी उचलावी ह्याचे वाचकांस नवल वाटेल. आमचे आम्हांसही वाटते. परंतु गेल्या चातुर्मासात हा चित्रपट आमच्या घरी पाहण्यात आला, त्यावरून दोन पिढ्यांत जो वाद माजला तो पुढे आठ दिवस पंक्तीला पुरला, आणि चौकशी करता असे कळले की, ज्या देशात हा चित्रपट निर्माण झाला तेथेही हाच वाद १९९७ सालापासून चालू असून अद्याप मिटलेला नाही. घरोघरी एकत्र बसून चित्रपट पाहिले जाण्याच्या ह्या काळात हा प्रकार आमच्या वाचकांच्या कानी घालावा असे वाटले, म्हणून हा उपद्व्याप.

चित्रपटाचे नाव 'स्टारशिप ट्रूपर्स', म्हणजे अंतराळनौकेतून जाणारे शिपाई. दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन, पटकथाकार एडवर्ड न्यूमायर. रॉबर्ट हाइनलाइन ह्या अमेरिकन लेखकाच्या १९५९ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. प्रथमच सांगून ठेवितो की, तो लहान मुलांस दाखविण्याजोगा नाही. रक्तपात अतोनात आहे, आणि शिपाई स्त्रीपुरुष एकाच स्नानगृहात स्नान करितात असाही एक प्रसंग आहे, ज्याच्या वेळी आमच्या धाकट्या बंधूंस अकस्मात खोकल्याची मोठी उबळ आली.

कथानक थोडक्यात असे. पुढील एका काळी सर्व पृथ्वीवर एकच राज्य स्थापन झाले आहे. दारिद्र्य दिसत नाही, वर्णभेद दिसत नाही, स्त्रिया व पुरुष एकाच पलटणीत लढतात. मात्र मत देण्याचा अधिकार, ज्याने काही वर्षे राज्याची सेवा, म्हणजे बहुतेक सैन्यातील नोकरी, केली असेल त्यालाच. इतरांनी सुखाने व्यापारउदीम करावा, नागरिक म्हणवून घेऊ नये. जॉनी रिको हा ब्यूनोस आयरिस शहरातील एका सधन घरचा देखणा तरुण. शाळा सुटताच तो आईबापांच्या मनाविरुद्ध, एका सहाध्यायिनीच्या ओढीने, सैन्यात नाव नोंदवितो. शिक्षणकाळात त्याच्या हाताखालील एक तरुण मरतो, त्याबद्दल त्यास सर्वांसमक्ष चाबकाचे फटके बसतात, तो नोकरी सोडून निघतोही. इतक्यात एक अशनी ब्यूनोस आयरिसवर कोसळून सारे शहर नष्ट होते व त्यात त्याचे आईबाप मरतात. हा अशनी क्लेंडाथू ग्रहावरील महाकाय किड्यांनी फेकला असे सांगितले जाते आणि युद्धास तोंड लागते. पहिल्याच स्वारीत एका तासात एक लक्ष माणसे मरतात. शेवटी किड्यांचा मेंदू असा जो एक किडा, तो जिवंत सापडतो. रिकोचा मित्र कार्ल, ज्यास दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या अवगत आहे, त्या किड्याच्या अंगावर हात ठेवून सांगतो की, हा भ्यालेला आहे. आणि सारे सैन्य आनंदाने गर्जना करिते.

चित्रपट संपला तेव्हा आमच्या माजघरात जी मते निघाली ती अशी. थोरला नातू महाविद्यालयात असून एन.सी.सी.त आहे. तो डोळ्यांत चमक आणून म्हणाला, "आजोबा, असंच पाहिजे. काही न देता हक्क मागणाऱ्यांना मत कशाला?" धाकटे बंधू पेढीवरच्या हिशेबी वृत्तीने म्हणाले, "ना तोफा, ना विमाने. हजारो पोरे नुसत्या बंदुका घेऊन धावत सुटली. असले युद्ध कोणता सेनापती करील?" सूनबाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती शाळेतली पोरं पायाखाली झुरळं चिरडतात आणि बाजूची बाई टाळ्या पिटते, ते पाहिलंत ना? मला तेव्हापासून कसंसंच होतंय." धाकटी पुतणी तेवढी हसत होती. "काका, अहो, ही सगळी थट्टा आहे," ती म्हणाली, "राज्यकर्त्यांची, सैन्याची, आणि आपलीसुद्धा." त्यावर नातू रागावला. पराक्रमाचे चित्र दाखवून वर त्याचीच थट्टा कोण करील, असा त्याचा सवाल. आम्हांस विचारले असता आम्ही उद्या सांगू म्हणून वेळ मारून नेली.

आता अमेरिकेतील हकीकत पाहू. चित्रपट ७ नोव्हेंबर १९९७ रोजी तेथे प्रदर्शित झाला. त्यावर दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झालेला होता. अमेरिकेत त्याचे उत्पन्न साडेपाच कोटींच्या घरात आणि सर्व जगात मिळून बारा कोटींच्या आसपास भरले. चित्रपटगृहांचा वाटा वजा जाता हा व्यवहार नफ्याचा म्हणता येत नाही. किड्यांच्या हालचाली फिल टिपेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हुबेहूब साधल्या होत्या की, त्याबद्दल ऑस्करसाठी नामनिर्देशन झाले. पण त्या वर्षीचे ते पारितोषिक 'टायटॅनिक'ने नेले. तेव्हाचे सुप्रसिद्ध परीक्षणकार रॉजर ईबर्ट ह्यांनी चारपैकी दोन तारे देऊन चित्रपटाची बोळवण केली.

परंतु तारे किती दिले ह्यापेक्षा आक्षेप काय घेतले, हे अधिक बोधप्रद आहे. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या परीक्षणकाराने ह्या चित्रपटात नाझींची दृष्टी व नाझींचे सौंदर्यशास्त्र दिसते, असा गंभीर आरोप केला. हा आरोप हवेतला नव्हता. लेनी रीफेनश्टाल हिने १९३५ साली जर्मन राजवटीच्या गौरवार्थ जो प्रचारपट काढला, त्यातील दृश्यांची नक्कल ह्या चित्रपटात उघड आहे. हेरखात्यात चढलेला कार्ल शेवटी ज्या लांब काळ्या कातडी डगल्यात वावरतो, तो गेस्टापोचा डगला म्हणून कोणासही ओळखू यावा. म्हणजे खुणा सर्वांनी एकच पाहिल्या. एकाने म्हटले, दिग्दर्शक हे वेष मिरवितो आहे. दुसऱ्याने म्हटले, दिग्दर्शक हे वेष दाखवून आपणास सावध करितो आहे. तिसऱ्या व बहुधा सर्वांत मोठ्या वर्गाने वेषांकडे पाहिलेच नाही. त्याने किडे मरताना पाहिले, मक्याच्या लाह्या खाल्ल्या व तो घरी गेला.

चौथा वर्ग राहिला, तो कादंबरीच्या निष्ठावंत वाचकांचा. त्यांच्या संतापास पारावार राहिला नाही, आणि आम्ही कादंबरी मिळवून वाचल्यावर तो संताप आम्हांस बराचसा न्याय्य वाटला. हाइनलाइनच्या पुस्तकाचा प्राण म्हणजे शिपायाचे यांत्रिक चिलखत. ते घातलेला एकेक शिपाई मैलामैलाच्या अंतरावर उभा राहून, उड्डाणे करीत, एका पलटणीचे काम करितो. चित्रपटात हे चिलखत मुळीच नाही. आमच्या बंधूंनी ज्या रणनीतीस हसून घेतले ती पुस्तकातली नव्हेच. पुस्तकातील रिकोचे नाव ह्वान. तो फिलिपिनो असून त्याची मातृभाषा टागालोग आहे, हे लेखक अगदी शेवटी शेवटी सहज उच्चारून जातो. १९५९ सालच्या अमेरिकन वाचकास, ज्याच्या डोळ्यांनी आपण सारे युद्ध पाहिले तो गोरा नव्हता, हे पुस्तक संपताना कळावे, ही लेखकाची युक्ती मोठी मार्मिक. चित्रपटात त्या जागी सोनेरी गोरा, चौकोनी हनुवटीचा नट उभा केला आहे. पुस्तकात रिकोची आई मरते, पण बाप वाचतो आणि पुढे स्वतःच पायदळात दाखल होऊन मुलास भेटतो; तो भेटीचा प्रसंग वाचताना आमचे डोळे ओलावले. चित्रपटाने बापासही अशनीखाली घातले.

असे का घडले, ह्याचे एक कारण विनोदी आहे. न्यूमायर ह्यांनी प्रथम किड्यांशी युद्धाची एक स्वतंत्र कथा रचली होती; ती हाइनलाइनच्या कादंबरीशी जुळते असे ध्यानी आल्यावर कादंबरीचे हक्क घेण्यात आले. आणि व्हरहोव्हन ह्यांनी स्वतःच सांगितले आहे की, दोन प्रकरणे वाचून त्यांस कंटाळा आला व त्यांनी पुस्तक मिटले. परीक्षेस बसणारा विद्यार्थी असे करितो तेव्हा आम्ही त्यास काय म्हणत असू, ते येथे लिहीत नाही.

तथापि ह्या दोन गृहस्थांची चरित्रे शेजारी ठेवून पाहावीत. हाइनलाइन १९०७ साली जन्मले, अमेरिकन आरमाराच्या अॅनापोलिस येथील विद्यालयातून १९२९ साली बाहेर पडले आणि क्षयामुळे १९३४ साली त्यांस आरमार सोडावे लागले. ज्या सेवेसाठी शिक्षण घेतले ती पाच वर्षांत हातची गेली, ह्याची रुखरुख त्यांच्या लेखनात जागोजाग दिसते. १९५८ साली अमेरिकेने एकतर्फी अणुचाचण्या थांबवाव्यात अशी चळवळ तेथे निघाली. ती त्यांस भ्याडपणाची वाटली व त्या उद्वेगात त्यांनी हाती असलेली दुसरी कादंबरी बाजूस सारून ही लिहिली. नेहमीच्या प्रकाशकाने ती नाकारली, दुसऱ्याने छापली, आणि १९६० साली ह्यूगो नामक पारितोषिक तिलाच मिळाले.

व्हरहोव्हन ह्यांचा जन्म १९३८ सालचा, अॅम्स्टरडॅमचा. बालपण गेले हेग शहरात, जर्मनांच्या ताब्यात. त्या शहरातून जर्मन लोक इंग्लंडवर व्ही-२ अग्निबाण सोडीत, आणि ते बंद पाडण्यासाठी दोस्तांची विमाने त्याच शहरावर बाँब टाकीत. ३ मार्च १९४५ रोजी इंग्रजांचा नेम चुकून तेथील एक नागरी वस्ती जळाली व पाचशेहून अधिक माणसे मेली. पाचसहा वर्षांच्या मुलाने शत्रूचे गणवेश रोज रस्त्यावर पाहावेत आणि मित्राचे बाँब डोक्यावर पडताना पाहावेत, अशी ती परिस्थिती. पुढे लायडन येथे गणित शिकून, आरमारात असताना १९६५ साली त्यांनीच डच नौसैनिकांच्या गौरवाचा एक लघुपट काढला होता. म्हणजे प्रचारपट कसा रचितात, हे त्यांस बाहेरून नव्हे, आतून ठाऊक होते. युद्ध सर्वांनाच फासिस्ट बनविते, असा आपल्या चित्रपटाचा आशय त्यांनी पुढे स्पष्ट सांगितला.

एकाने आपल्या सैन्यास आतून ओळखून त्याच्यावर प्रेम केले. दुसऱ्याने परक्याचे सैन्य खिडकीतून पाहिले. दोघांच्या हाती एकच गोष्ट आली, तर ती एक कशी राहावी? ह्याचे एकच उदाहरण देतो, कारण ते आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले. सैन्यभरतीच्या कचेरीत एक हवालदार बसला आहे. त्याचे दोन्ही पाय नाहीत, एक हातही गेलेला आहे. हा प्रसंग पुस्तकात आहे व चित्रपटातही आहे. चित्रपटात तो रिकोचे अभिनंदन करितो, मी जो काही झालो तो पायदळामुळे झालो असे अभिमानाने सांगतो, आणि मेजामागून सरकताच त्याचे पाय नसल्याचे दिसते. प्रेक्षक दचकतो व हसतो. पुस्तकात तोच हवालदार पुढे एकदा कचेरीबाहेर रिकोस भेटतो, तेव्हा कृत्रिम पायांनी चांगला चालत असतो! विचारता तो सांगतो की, कचेरीत मुद्दाम पाय काढून बसावयाचे हेच आमचे काम. आलेल्या पोरांनी घाबरून परत जावे, पुरता विचार करूनच सही करावी, अशी सरकारची इच्छा आहे. तुटलेले पाय तेच. एके ठिकाणी राज्याची निर्लज्जता दाखवितात, दुसऱ्या ठिकाणी राज्याचा प्रामाणिकपणा. नातवास आम्ही ही दोन चित्रे शेजारी ठेवून दाखविली तेव्हा तो प्रथमच वाद न घालता विचारात पडला.

आता पुतणीच्या मताकडे वळतो. थट्टा आहे, हे तिचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण थट्टा असून ती इतक्या शहाण्या माणसांस कळली कशी नाही, ह्याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. आमच्या मते ते आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात आहे. निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा, ह्यास आलंकारिक व्याजस्तुती म्हणतात. ज्याने आपला घात केला त्यास, 'आपले आमच्यावर फार उपकार झाले,' असे म्हटले की ऐकणारास उलटा अर्थ कळतो. का कळतो? घात झाल्याचे त्यास आधी ठाऊक असते म्हणून. मम्मटाचार्यांनी लक्षणेची पहिली अट सांगितली आहे ती मुख्यार्थबाध, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ अडला पाहिजे. तो अडला नाही तर श्रोता पुढे जातच नाही, सरळ अर्थावरच स्वस्थ बसतो. व्हरहोव्हन ह्यांच्या चित्रपटात सरळ अर्थ अडतो कोठे? तरुण देखणे आहेत, मैत्री खरी आहे, किडे खरोखरच माणसांस फाडून खातात, संगीत छाती फुगविणारे आहे. सरळ अर्थ मुळीच अडखळत नाही. अडथळे आहेत ते कडेकडेने: एका माणसास सकाळी पकडले, त्याच दिवशी दोषी ठरविले, आणि आज सायंकाळी त्याचा देहदंड सर्व वाहिन्यांवर दाखविला जाईल, अशी बातमी हसऱ्या आवाजात येते आणि निघून जाते. मनुष्यवस्तीच किड्यांच्या मुलखात प्रथम शिरली होती, अशी सूचना एका वाक्यात येते आणि निघून जाते. किडा विचार करू शकतो ही कल्पनाच अपमानास्पद आहे असे एक विद्वान चर्चेत बोलून जातो. ज्याची नजर कडेला गेली त्यास दुसरा चित्रपट दिसला, ज्याची मध्यभागी खिळली त्यास पहिला. सूनबाईची नजर झुरळांवर गेली. ती साहित्यशास्त्र शिकलेली नाही, परंतु सर्वांआधी तिलाच तो काटा बोचला.

कर्त्याने अर्थ इतका आत ठेवावा काय, हा प्रश्न उरतोच. आम्ही तरी व्हरहोव्हन ह्यांस सर्वस्वी निर्दोष म्हणणार नाही. विष म्हणून जे दाखवावयाचे ते इतके गोड करून वाढले, तर पाहुण्याने मागून घेतले ह्याचा दोष पाहुण्यावर ढकलता येत नाही. उलट, विष गोड असते म्हणूनच माणसे ते पितात, कडू असते तर दाखविण्याचे कारणच काय पडते, असे पुतणी म्हणते. आणि ह्यावर आमच्यापाशी उत्तर नाही.

त्याच मम्मटाचार्यांनी असेही सांगितले आहे की, व्यंग्य अर्थ बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, देश व काल कोणता, ह्यांच्या वैशिष्ट्याने उमगतो. १९९७ साली अमेरिका निश्चिंत होती; सोव्हिएट राज्य मोडून सहा वर्षे झाली होती, मोठे युद्ध डोळ्यांसमोर नव्हते. त्या प्रेक्षकास युद्धज्वराची थट्टा कोणाची म्हणून कळावी? मग ११ सप्टेंबर २००१ चा दिवस उजाडला. त्याच वर्षी अफगाणिस्तानात आणि २००३ साली इराकमध्ये सैन्ये गेली. आकाशातून अकस्मात आलेला घाला, जळणारे शहर, लगोलग पुकारलेले युद्ध, बातम्यांतील निशाणे आणि तुताऱ्या, हे सारे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. आणि घरी जाऊन जुना चित्रपट पुन्हा लाविला तेव्हा त्यांस तो निराळा दिसू लागला. २०१३ साली 'द अटलांटिक' ह्या मासिकाने, हा चित्रपट आजवर अत्यंत चुकीचा समजला गेला, असा लेख छापला. चित्रपटातील एक चौकटही बदललेली नव्हती. बदलला तो काल.

म्हणून आता तरी सर्वांस कळले असावे, असे मानण्याचे कारण नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत 'हेलडायव्हर्स २' नावाचा एक संगणकावरचा खेळ निघाला, ज्यावर ह्या चित्रपटाची छाप उघड आहे. त्यातही किडे आहेत, लोकशाहीच्या नावाने जयघोष आहेत, आणि शिपाई मरतात ते हसतहसत. नातू तो मित्रांबरोबर खेळतो. जयघोष थट्टेने करिता की मनापासून, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "आधी थट्टेनंच करतो, आजोबा. नंतर तसं काही लक्षात राहत नाही." इतके प्रामाणिक उत्तर आम्हांस कोणा परीक्षणकाराच्या लेखात आढळले नाही.

कादंबरीस उत्तर मात्र कादंबरीनेच दिले, आणि ते चित्रपटाच्या पुष्कळ आधी. व्हिएटनाममध्ये जखमी झालेले जो हॉल्डमन ह्यांनी १९७४ साली 'द फॉरेव्हर वॉर' लिहिली. तीत शिपाई प्रकाशवेगाजवळच्या गतीने प्रवास करून परत येतात तो पृथ्वीवर शतके उलटून गेलेली असतात, आणि ज्या घरासाठी लढावयाचे ते घरच ओळखीचे राहिलेले नसते. तिलाही ह्यूगो मिळाले. ज्यांस हा विषय पुढे वाचावयाचा आहे त्यांनी दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत. चित्रपट न पाहिला तरी चालेल.

आपल्या महाभारतात युद्धापूर्वी उद्योगपर्व आहे. साक्षात श्रीकृष्ण शिष्टाईस जातो, पाच गावे मागतो, नाकारला जातो, आणि मगच शंख फुंकले जातात. ह्या चित्रपटात उद्योगपर्व नाही. किड्यांशी बोलता येईल काय, असे कोणीही विचारीत नाही. जो विचारील तो घरभेदी ठरेल अशी हवाच तेथे आहे. आम्ही हे बोलून दाखविले तेव्हा बंधू म्हणाले, "दादा, किड्यांशी शिष्टाई?" आणि स्वतःच क्षणभर थांबले, कारण चित्रपटातील त्या विद्वानाचेच वाक्य आपल्या तोंडून निघाले हे त्यांच्या ध्यानी आले.

आता राहता राहिलो आम्ही, ज्यांनी मत सांगण्याचे त्या रात्री टाळले. ह्या कथेत एक शिक्षक आहे. चित्रपटात त्याचे नाव रॅसझॅक. पुस्तकातील द्युब्वा नामक शिक्षक व रॅसझॅक नामक अधिकारी ह्या दोहोंचे मिळून हे एक पात्र केले आहे. एक हात गमावलेला हा वृद्ध सैनिक वर्गात उभा राहून विचारतो, नागरिक आणि सामान्य माणूस ह्यांत भेद काय? बलप्रयोगाने काहीच सुटत नाही असे एक मुलगी म्हणते, तेव्हा पुस्तकातील शिक्षक नष्ट झालेल्या कार्थेज नगरीचे उदाहरण देतो. चित्रपटातील शिक्षक त्या जागी हिरोशिमाचे नाव घेतो. दोन नावांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे. एकास इतिहास म्हणून ऐकता येते, दुसऱ्यास नाही. पुस्तकातील शिक्षक छडीचेही समर्थन करितो, आणि कुत्र्याच्या पिलास वळण कसे लावितात ह्याचा दाखला देतो.

आम्ही हे प्रकरण दोनदा वाचले. दाखला नेमका तोच नव्हे, पण तसलाच, वासराचा, आम्ही वर्गात अनेक वर्षे देत होतो. सेवेवाचून हक्क मागणारा चोर होय, असे वाक्य फळ्यावर लिहून मुलांकडून ते निबंधात वापरवून घेत होतो, आणि ज्याच्या निबंधात ते चांगले बसे त्यास दोन गुण अधिक देत होतो. छडीही होती. ती मेजावर नसे, कपाटावर असे. मुलांस दिसेल एवढ्या उंचीवर. आमच्या हाताखालून गेलेले काही विद्यार्थी सैन्यात गेले. त्यांतील एकाने निवृत्तीनंतर येऊन आमच्या पाया पडताना म्हटले होते, "सर, तुमच्या त्या वाक्यामुळे मी गेलो." त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्या दिवशी आमची छाती अभिमानाने भरून आली होती. घरी येऊन आम्ही ती गोष्ट सर्वांस सांगितलीही. त्याने ते वाक्य उच्चारले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होते, हे आठवण्याचा प्रयत्न आता करितो तर आठवत नाही. आम्ही त्या वेळी पाहिलेच नसावे.

तो आपल्या निर्णयावर समाधानी असेल, हाइनलाइन म्हणतात तशा सेवेचे मोल त्यास कळलेही असेल. हा लेख त्याच्या त्यागावर शंका घेण्यासाठी नाही. पण चित्रपटातील तो हवालदार मेजामागून सरकला तेव्हा घरची सारी मंडळी हसली आणि आम्हांस हसू आले नाही, एवढेच येथे नोंदवितो.

परवा नातवाने तो चित्रपट एकट्याने पुन्हा पाहिला. कादंबरीही त्याने आमच्याकडून नेली असून अर्धी वाचून झाली आहे. सैन्यात जाण्याचा त्याचा विचार कायम आहे, आणि तो बदलावा असे आम्ही त्यास सांगितलेले नाही. रात्री अंगणात येऊन आमच्याजवळ बसला व म्हणाला, "आजोबा, शेवटी कार्ल म्हणतो ना, तो किडा घाबरलाय, आणि सगळे ओरडतात. इतक्या मोठ्या फौजेनं एका बांधलेल्या प्राण्याच्या भीतीचा एवढा आनंद का करावा?"

आम्ही म्हटले, "तुला काय वाटते?"

"मला अजून कळत नाही," तो म्हणाला. "पण त्या रात्री तुम्हीही टाळी वाजवली होतीत. मी पाहिलं. म्हणून तुम्हांलाच विचारायला आलो."